मधली जागा

"कुणाकडे जायचंय?" हार्वीनं विचारलं. विचारताना तो आत्याकडे बघत नव्हता, माझ्या गाडीच्या टायरकडे बघत होता.

"मुलाकडे," वेर्डेल आत्या म्हणाली.

"घर नंबर?"

"घर कुठलं आलंय त्याला? दर खेपेला तेच विचारतोस. रविवारी चर्चमध्ये माझ्या मागच्या बाकावर बसून गळा काढतोस आणि सोमवारी मला ओळखत नाहीस."

"ओळखतो हो आत्या. पण वर कॅमेरा आहे ना. तो नाही ओळखत."

हार्वी म्हणजे आमच्या चर्चच्या गाण्यातला सगळ्यात जाड आवाज. मोठा सज्जन माणूस, पण फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या टोपीखाली गेला की त्याचं मांजर होतं. त्यानं आत डोकावून माणसं मोजली, दोघी असं लिहिलं आणि पिवळा पास माझ्या हातात दिला. 'पाहुणे. संध्याकाळी पाचपर्यंत.' तो मी काचेमागे लावला. मग कॅमेऱ्याकडे पाठ करून त्यानं हळूच विचारलं, गुडघे कसे आहेत. आत्या म्हणाली, कॅमेऱ्याला विचार.

फाटकावर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं आहे, हॅलोवे प्लँटेशन. मी अर्नेस्टिन हॅलोवे, ही माझी आत्या वेर्डेल हॅलोवे. ज्या हॅलोव्यांनी आमच्या खापरपणज्याला बाजारातून विकत आणून इथल्या भातखाचरांत जुंपलं, त्यांनीच जनावराला डाग देतात तसं त्याला आपलं आडनाव दिलं. ते हॅलोवे कधीच जमीन विकून निघून गेले. भातखाचरांचे तलाव झाले, तलावांभोवती गोल्फ आलं, गोल्फभोवती बंगले आले. बांधणाऱ्यांना जुनं नाव इतकं आवडलं की त्यांनी तेच ठेवलं. म्हणजे दारावर आडनाव आमचं आणि पास लागतो तो आम्हालाच. हे मी एकदा हार्वीला म्हटलं, तर तो म्हणाला, टीनी, माझी पेन्शन व्हायचीय गं.

या फाटकातून आत्या तीस वर्षं रोज सकाळी आत गेली. कामवाल्या बायकांच्या गाडीतून, एप्रन बांधून. तेव्हा तिला कुणी कधी विचारलं नाही की बाई, कुणाकडे? लोकांचे पलंग आवरले, न्हाणीघरं घासली, लग्नाच्या मेजवान्यांनंतरची घाण उपसली. एप्रन असला की फाटकाचा दांडा आपोआप वर जायचा. सुट्टीच्या दिवशी ती चर्चची जांभळी टोपी घालून मुलाच्या कबरीवर जायला निघाली, की मात्र पास. आत्या हे हसत सांगायची. मला नाही हसू यायचं. मी शाळेची बस चालवते, चाळीस पोरांचा दंगा ऐकून घेते, पण हे ऐकलं की माझं डोकं फिरतं.

त्या दिवशीही तिनं तीच टोपी घातली होती. मांडीवर तिळाच्या बिस्किटांचा डबा आणि डब्यावर एक लाकडी खुंटी, टोकाला लाल चिंधी बांधलेली. डॉक्टरनं तिच्या हृदयाबद्दल जे सांगायचं ते मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आणि आत्यानं दाराला कान लावून ऐकलं होतं. घरी येताना ती एवढंच म्हणाली, "जागा धरून ठेवायला हवी."

आमची जुनी दफनभूमी फाटकाच्या आत, खाडीकाठी आहे, आणि जुन्या कायद्यानं आमच्या लोकांना तिथे पुरायचा हक्क अजून आहे. वसाहतीच्या लोकांचं म्हणणं एवढंच, की नवीन कबर कुठे खणणार ते आधी दाखवून ठेवा. आत्याला कुठे हवी हे आमच्या घरात पोरासोरांना माहीत होतं. कूटाच्या उजव्या बाजूला.

कूटा म्हणजे आमच्या बोलीत कासव. आमच्याकडे प्रत्येकाची दोन नावं. एक चर्चमधलं, दुसरं टोपलीतलं, म्हणजे तान्हं बाळ टोपलीत असताना आयांनी ठेवलेलं. तिच्या मुलाचं चर्चमधलं नाव सॅम्युएल. पण तो रांगायलाही उशिरा लागला आणि चालायलाही, म्हणून कूटा. तीन वर्षांचा झाला आणि तापानं फणफणला. तेव्हा आमच्या या बेटाला पूल नव्हता. नवरा कोळंबीच्या बोटीवर गेलेला. आत्यानं पोराला छातीशी बांधलं, त्याच्या निळ्या एनॅमलच्या पेल्यात पाणी घेतलं आणि शेजाऱ्याच्या होडीतून खाडी ओलांडली. इस्पितळात काळ्यांना मागच्या दारानं जायचं. मागच्या दाराशी एक बाक होतं, तिथे बस म्हणाले. ती बसली. पेल्यातलं पाणी दुपारपर्यंत पुरलं. नळ पुढच्या अंगणात होता आणि तो गोऱ्यांचा होता. पोर पाणी पाणी करत होतं. ती दोनदा उठली, दोनदा तिला परत बसवलं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा तपासायला काही उरलं नव्हतं. येताना होडीत तिच्या एका हातावर पोर होतं आणि दुसऱ्या हातात रिकामा पेला. हे मला माझ्या आईनं सांगितलं. आत्यानं कधीच सांगितलं नाही.

आमच्यात माणूस जी वस्तू शेवटची वापरतो ती त्याच्या कबरीवर ठेवतात. कप, बशी, कंदील, औषधाची बाटली, कुणाचं घड्याळ. ठेवण्याआधी ती फोडतात किंवा तिला भोक पाडतात. मोडकी वस्तू इथे कामाची राहत नाही, म्हणून तिथे कामाला येते. तिला कुणी हात लावायचा नसतो. कोरीव दगड घ्यायची ऐपत कुणाचीच नव्हती, तेव्हा खूणही तीच. फुटकी पांढरी बशी म्हणजे मिंटी आजी. काचेची चिमणी म्हणजे एलायजा काका. निळा पेला म्हणजे कूटा. पेल्याच्या तळाला आत्यानं स्वतः खिळ्यानं भोक पाडलं होतं.

गुडघ्यांच्या दोन शस्त्रक्रियांमुळे ती तीन वर्षं आली नव्हती. मीही गेले नव्हते. मनात म्हणायचे, मेलेली माणसं कुठे पळून जातात?

खाडीकाठच्या झाडीपाशी गाडी थांबवली आणि मला वाटलं रस्ता चुकला. झाडी नव्हतीच. हिरवंगार गवत, कापून गालिचा केलेलं. पांढऱ्या खड्यांची पायवाट, एक बाक, जांभळ्या फुलांचे वाफे. कबरी खचून झालेले खड्डे बुजवून सगळं सपाट केलेलं. वादळात पडलेला मोठा ओकही उचलून नेलेला. एक सुबक पाटी होती: 'येथे हॅलोवे प्लँटेशनचे कामगार विश्रांती घेत आहेत.' कामगार म्हणे. पगार घेत होते जणू.

कप नाही, बशी नाही, चिमणी नाही. एकही वस्तू नाही.

आत्या गाडीतून उतरली आणि काठी टेकत चालत सुटली. इकडे चार पावलं, मग तिकडे. मग थांबली. जिथे एरवी ती डोळे मिटून गेली असती, तिथे तिला कुठे पाय ठेवावा हे कळेना. "टीनी," ती म्हणाली, "मी त्याच्यावर तर उभी नाही ना गं?"

मी तिला बाकावर बसवलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

तेवढ्यात पलीकडच्या बंगल्यातून एक गोरी बाई आली. सत्तरीची, हातात बागकामाचे हातमोजे, डोक्यावर गवती हॅट. मिसेस किट्रेज. नवरा गेल्यावर ओहायोहून इथे राहायला आल्या होत्या. चेहऱ्यावर इतका आनंद, की जणू आम्ही त्यांच्याच निमंत्रणावरून आलोय. तुमचे कुणी आहेत का इथे, असं विचारलं, आणि हो म्हटल्यावर आत्याचा हात दोन्ही हातांत घेतला. सांगू लागल्या, ही बाग तीनेक वर्षांपूर्वी त्यांनी आणि आणखी दोघींनी वर्गणी काढून केली. आधी कसं रान माजलं होतं, फुटक्या बश्या, गंजकी घड्याळं, बाटल्या, कुणी तरी येऊन कचरा टाकून गेल्यासारखं. त्यांना बघवेना. मेलेल्यांचा असा अपमान. चार ट्रॉल्या कचरा निघाला.

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते इथे लिहिण्यासारखं नाही. आत्यानं काठी माझ्या पायावर ठेवली आणि दाबली.

"छान ठेवलंय," ती म्हणाली. "बाई, जरा पाणी मिळेल का?"

आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो. आत्याला खुर्चीत बसवलं, मिसेस किट्रेजनी बर्फाचं पाणी दिलं. आत्यानं ग्लास तोंडाला लावला आणि तसाच धरून ठेवला. ती खिडकीकडे बघत होती. खिडकीत उन्हाच्या तिरीपेत निळा पेला होता. कडेचा एनॅमल उडालेला, आणि आत दाट पुदिना.

मी उठणार, तर आत्यानं नुसती मान हलवली.

"किती छान वाढलाय पुदिना," ती म्हणाली. "पाणी कोण घालतं त्याला?"

"मीच घालते. रोज सकाळी, आधी त्याला आणि मग माझी कॉफी."

"रोज?"

"एकही दिवस चुकत नाही. का हो?"

आत्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण चेहरा रडका नव्हता. साठ वर्षांत मी तिचा असा चेहरा बघितला नव्हता. त्या बाईला बिचारीला काय ठाऊक, की जे पोर पाणी पाणी करत गेलं त्याच्या पेल्यात ती तीन वर्षं रोज पाणी घालत होती. मला ठाऊक होतं. माझा राग मला गिळता येईना, थुंकता येईना.

"तो माझ्या मुलाचा पेला आहे," आत्या म्हणाली.

मिसेस किट्रेजना आधी कळलंच नाही. मग मी सांगितलं. आमची पद्धत सांगितली, कचरा कशाला म्हणालात ते सांगितलं. आवाज चढवला नाही, पण एक शब्द वगळलाही नाही. बाईंनी खिडकीतल्या पेल्याकडे बघितलं. "तळाला भोक होतं," त्या म्हणाल्या, "म्हणून मला वाटलं, कुंडी म्हणून..."

"भोक मीच पाडलं होतं," आत्या म्हणाली.

बाई रडायलाच लागल्या. म्हणाल्या, संगमरवरी दगड बसवते, स्वतःच्या पैशानं, मुलाचं नाव कोरून, आईचंही. काय हवं ते करते. आणि हे बघा, गंमत अशी की धीर आत्यालाच द्यावा लागला. जन्मभर तिनं गोऱ्या बायकांचे पलंगच आवरले असं नाही. त्यांची घरं मोडली तेव्हाही हीच, मुलं बिघडली तेव्हाही हीच. पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली, "दगड काय करायचाय? बसवणार कुठे तो? पेला कुठून उचललात, आठवतंय का?"

बाईंनी मान वर केली. "आठवतंय. दाखवते."

आता काय म्हणायचं याला? आमची सगळी जाणती माणसं गेली, झाड गेलं, खड्डे बुजले, आणि आमचा कूटा कुठे निजलाय हे सांगायला साऱ्या जगात एकच माणूस उरलं होतं. तेही ओहायोचं.

मिसेस किट्रेजनी पेला दोन्ही हातांत धरून आणला. गवतावर पाण्याच्या बाजूला गेल्या, थांबल्या, मागे वळून स्वतःच्या खिडकीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "इथे." लगेच म्हणाल्या, "थांबा." डावीकडे चार पावलं गेल्या. "इथे एक खड्डा होता आणि तिथे एक. दोन्ही लहान, शेजारी शेजारी. एकात पेला होता आणि दुसऱ्यात नुसते शिंपले. कुठला कशात..." त्या दोन्ही जागांकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. "मला खोटं सांगायचं नाही तुम्हाला. मला आठवत नाही हो."

मी आत्याकडे बघितलं. ज्यासाठी ती आली ते एवढंच होतं, मुलाची उजवी बाजू. माझ्या आईला, मला, पास्टरला, सगळ्यांना तिनं बजावून ठेवलं होतं. मला वाटलं, आता ही खचणार. हिला इथून उचलूनच न्यावं लागणार.

आत्या काठी टेकत गेली. या जागेपाशी उभी राहिली, मग त्या. वाकून गवताला हात लावला. मग दोन्हींच्या मध्ये येऊन उभी राहिली आणि हात पसरून अंदाज घेतला, आपण पलंगाची चादर ओढायच्या आधी घेतो तसा.

"मावेन की," ती म्हणाली. "टीनी, खुंटी आण."

"आत्या, उजवी बाजू म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. आता मला मध्ये ठेवा. मग कुठल्याही कुशीला असला तरी हाताला लागेल."

"आणि दुसऱ्या कुशीला?"

"कुणाचं तरी लेकरूच आहे ना ते? खड्डा लहान होता म्हणतायत बाई. शिंपले ठेवलेत म्हणजे जुनं असणार, मळ्याच्या काळातलं. त्याच्या आईला कुठे विकलं असेल देव जाणे." ती खुंटी रोवायला वाकली, पण जोर पुरेना. "त्याला तरी कोण आहे? दोघांनाही घेईन."

खुंटी मी रोवली. दुसऱ्या बाजूनं मिसेस किट्रेजनी धरली होती. आमचे हात एकमेकींना लागले. आत्यानं तिळाची बिस्किटं काढली, दोन्ही जागांवर सारखी ठेवली, उरलेलं एक बाईंना दिलं. पेला मात्र तिथे ठेवला नाही. परत बाईंच्या हातात दिला.

"मी येईपर्यंत राहू दे तुमच्याकडे," ती म्हणाली. "पाणी घालत जा."

फाटकातून बाहेर पडताना हार्वीनं पास घेतला, दोघी असं मोजलं. आत्यानं त्याला विचारलं, रविवारी गाणार आहेस ना? तो म्हणाला, गाणार. ती म्हणाली, जरा हळू गा, माझ्या कानाचा पडदा फाटतो.

ती फेब्रुवारीत गेली, दुपारी, खुर्चीत, कॉफी अर्धी ठेवून. कपाला भोक मी पाडलं. पहिल्या फटक्याला हात चुकला आणि कान तुटला. म्हटलं, तिथे कान लागत असेल तर जोडून घेईल, ती काय कमी खटपटी होती?

प्रेतयात्रेच्या गाडीलाही पास लागला. मागे आमच्या अकरा गाड्या. कॅमेरा बघत होता म्हणून हार्वीनं प्रत्येक गाडीत डोकावून माणसं मोजली. पुढच्या काळ्या गाडीपाशी तो जरा जास्त वेळ थांबला. मग लिहिलं आणि दांडा वर केला. खुंटी जागेवर होती, लाल चिंधी उन्हानं फिकी पडलेली. पास्टर बोलले, बायका गायल्या. मिसेस किट्रेज सगळ्यांच्या मागे उभ्या होत्या, काळ्या कपड्यांत, पेला छातीशी धरून. पुदिना त्यांनी कुंडीत हलवला होता. आम्ही वाट करून दिली. त्यांनी पेला ठेवला, कुठे ठेवायचा ते कुणाला विचारलं नाही; आत्याच्या उशाशी, मधोमध ठेवला. मग पिशवीतून बाटली काढून त्यात पाणी ओतलं. ते तळाच्या भोकातून मातीत गेलं. त्यांनी पुन्हा ओतलं.

पाच वाजायच्या आत आम्ही फाटकाशी परत आलो. हार्वीनं प्रत्येक गाडीतून पास गोळा केले, माणसं मोजली, आकडे जुळवून बघितले. सगळ्यात पुढच्या गाडीपाशी पुन्हा थांबला. मागची बाजू रिकामी होती, चालकाशेजारी मी बसले होते.

"इथे एक कमी आहे," तो म्हणाला. कॅमेऱ्यासाठी बोलत होता, पण बघत माझ्याकडे होता. "काय लिहू, टीनी? पाहुणे सगळे बाहेर पडले असं लिहायचं असतं."

"तसंच लिही," मी म्हटलं. "ती पाहुणी नाही. ती राहायला आलीय."

त्यानं तसं लिहिलं. मग कॅमेऱ्यासमोर उभा राहून डोक्यावरची टोपी काढली, आणि आमची शेवटची गाडी बाहेर पडेपर्यंत परत घातली नाही.